उसनी बॅटरी

घरात सगळ्यात शहाणं कोण, असं तातेरावांना कुणी विचारलं असतं तर मिशीवरून हात फिरवत त्यांनी स्वतःचंच नाव सांगितलं असतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. इसापूर धरणाच्या पाण्यावर त्यांच्याइतका मुरलेला भोई त्या काठाला दुसरा नव्हता. वरून सगळं पाणी सारखं दिसतं, पण खाली कुठं गाळ आहे, कुठं खडक आहे आणि कुठं खुंट आहेत, हे त्यांना घरातल्या कोनाड्यांसारखं पाठ होतं.

त्या खुंटांची गोष्ट आधी सांगायला हवी. धरणात पाणी भरायच्या आधी तिथं शेतं होती आणि शेतांच्या बांधांवर बाभळी होत्या. लोकांनी लाकूड नेलं, पण घाईघाईत कमरेएवढ्या उंचीवर कुऱ्हाड चालवली आणि खालचे खुंट तसेच उभे राहिले. बाभळीचं लाकूड पाण्यात कुजत नाही, उलट लोखंड होतं. अशा खुंटांच्या दोन ओळींच्या मधे एका जुन्या शेताचा मोकळा पट्टा आहे. कटला, रोहू हे मासे तिथंच फिरतात. त्या पट्ट्यात जाळं बरोबर सोडलं तर सकाळी होडी भरून येते, आणि दहा हात इकडंतिकडं झालं तर जाळ्याच्या चिंध्या हाती येतात.

तातेराव हा पट्टा शोधायचे तो काठावरच्या कडुलिंबावरून. रस्त्याच्या वळणाला एक म्हातारा लिंब होता आणि त्याच्या बराबर मागं, डोंगरावर देवीचा झेंडा. पाण्यातून बघताना झेंडा लिंबाच्या डोक्यावर आला की समजायचं, होडी पट्ट्यावर आहे. एवढी साधी खूण, पण ती शोधायला त्यांची जवानी गेली होती आणि कित्येक जाळी गेली होती.

हिवाळ्यात रस्ता रुंद झाला आणि लिंब तुटला. एकाच दुपारी मशीन आलं, झाड गेलं, बुंधासुद्धा उपटून नेला. तातेराव त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्यांची दोन जाळी खुंटात अडकून फाटली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "खालचा गाळ सरकला." लोकांनी मान डोलावली. तातेराव म्हणतात म्हणजे सरकला असेल.

आता तिसरं जाळं उरलं होतं. ते त्यांनी सगळा हिवाळा बसून स्वतः विणलं होतं. बाजारात तयार जाळी ढिगानं मिळतात, पण भोयाच्या पोरानं विकतचं जाळं टाकावं हे त्यांना पटत नव्हतं. मात्र या खेपेला बोटांचे सांधे धरले होते, शेवटच्या ओळींच्या गाठी वाकड्या पडल्या होत्या. विणून झाल्यावर ते बायकोला, नर्मदाबाईला, एवढंच म्हणाले होते, "हे शेवटचं. ह्याच्यापुढं बोटं चालायची न्हाईत. आन हे फाटलं, तर मी होडीत पाय ठेवणार न्हाई."

नर्मदाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ही गोष्ट पोटात ठेवली. म्हणजे फक्त सुनेला सांगितली.

सून कोमल कुरुंदा गावची. तिच्या बापाचं विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान. लहानपणी इतर पोरी सागरगोटे खेळत तेव्हा ही तांब्याची तार गुंडाळत बसलेली. लग्न होऊन आली तेव्हा पाणी बघून ती काठावरच थांबायची. आता सासऱ्याबरोबर रोज होडीत बसायची, आणि नवरा सोमेश्वर टेम्पोनं मासळी कळमनुरीला न्यायचा. तिच्या अंगात एक वाईट खोड होती, असं तातेराव म्हणत. कुठलीही गोष्ट बंद पडली की ती उघडून बघायची. आणि त्याहून वाईट म्हणजे ती चालू व्हायची.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मामा, पाण्याखाली किती खोल हाय ते सांगणारं यंत्र येतं. होडीला लावायचं. खाली आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, त्याच्यावरनं आकडा दाखवतं. खुंट आला की आकडा एकदम कमी व्हतो. घेऊ का आपण?"

तातेरावांचा घास हातातच राहिला. "माझ्याजवळ दोरी हाय की. शिशाचा गोळा बांधलेली."

"दोरी एका जागचं सांगती मामा. दोन हातावर खुंट असला तर दोरीला कुठं कळतं?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ते मनात म्हणाले. वरून म्हणाले, "घ्या. यंत्र घ्या, मला खुंटीला टांगा."

तरी नांदेडला यंत्र आणायला ती निघाली तेव्हा सगळ्यांत आधी तेच तयार होऊन बसले होते. दुकानदार सुनेला कसा फसवतो ते बघायचं होतं.

जाळी, दोर, तरंगायची जाकिटं असलं सगळं विकणारं ते दुकान. दुकानदार गल्ल्यावरून उठून मोठ्या हौसेनं पुढं आला आणि त्यानं टीव्हीएवढा पडदा असलेलं एक यंत्र काढलं. "इस में नक्शा भी आता है मॅडम. पूरा समंदर दिखता है."

"समुंदर कशाला पाहिजे भाऊ? आमच्या धरणाचा नकाशा हाय का ह्यात?"

दुकानदारानं बटणं दाबली. समुद्र निघाला, किनारे निघाले, धरण काही निघालं नाही. कोमलनं यंत्र परत त्याच्याकडे सरकवलं.

मग त्यानं एक चेंडू काढला. हा पाण्यात टाकायचा आणि मोबाइलवर बघायचं. कोमल म्हणाली, "होडीत हात ओले असत्यात. मोबाइल पाण्यात पडला तर काय बघू? आन उन्हात मोबाइल दिसतो व्हय?" तिसऱ्या यंत्राच्या पडद्यावर रंगीत मासे पोहत होते. तिनं ते दुकानाबाहेर उन्हात नेलं, डोळ्यावर हात धरून बघितलं, आत आली. "हे मासे खरे का कशालाबी मासा म्हनतंय?"

दुकानदार प्रामाणिक निघाला. हसला आणि म्हणाला, "पत्ता, लकडी, बुडबुडा, सब को मछली बोलता है."

शेवटी तिनं सगळ्यात मागं धूळ खात पडलेलं एक साधं यंत्र उचललं. काळा-पांढरा पडदा, नकाशा नाही, मासे नाहीत; पण खोलीचा आकडा हाताच्या पंजाएवढा आणि भर उन्हात लखलखीत. त्याचा सेन्सर साबणाच्या वडीएवढा काळा तुकडा, तो पाण्यात सोडायचा. "ह्याचा आवाज खाली निमुळता जातो का पसरट?" तिनं विचारलं. पसरट, म्हटल्यावर तिनं मान डोलावली. पसरट म्हणजे होडीच्या खालचाच नाही, तर शेजारचा खुंटही कळणार.

तातेराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होते. फसवणूक बघायला आलेला माणूस, पण बघायला मिळालं वेगळंच. बैलबाजारात त्यांचा बाप असाच बैल बघायचा. शिंगांचा रंग सोडून द्यायचा आणि खूर उचलून बघायचा. पोरगी काही कमी नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण इतक्या मोठ्या आकड्याचं यंत्र हिला काहून पाहिजे, हे त्यांना कळलं नाही. तिचे डोळे तर सुईत दोरा ओवायचे.

यंत्र तर आलं, आता ते चालवायचं कशावर? होडीला इंजिन नव्हतं, वल्ही होती, त्यामुळं बॅटरीचा प्रश्नच कधी आला नव्हता. सोमेश्वर म्हणाला, टेम्पोची काढून देतो. कोमल म्हणाली, "मग मासळी डोक्यावर न्या कळमनुरीला. आन ती एवढी वजनी, होडी एका बाजूला बसंल." मोटारसायकलची चालेल का, तर तिच्यात तेजाब, होडी कलली की सांडणार. मोबाइल चार्ज करायची ती चपटी डबी? "ह्या यंत्राला बारा व्होल्ट लागत्यात. डबी पाचच देती."

बोलता बोलता तिची नजर भिंतीकडे गेली. तिथं फवारणीचा पंप टांगलेला होता, पाठीवर घ्यायचा, बॅटरीवरचा. आपल्याकडे आता कुणाच्या घरी तो नाही? हळद असो की सोयाबीन, त्याच्यावाचून पान हलत नाही. आणि उन्हाळ्यात तो नुसता टांगून असतो. कोमलनं तो खाली घेतला, बुडाचे स्क्रू काढले आणि बॅटरी बाहेर काढली. बारा व्होल्टची, बंद, तेजाब सांडायची भीती नाही, हातात मावेल एवढी. फक्त ती बेडकासारखी फुगली होती. मेलेली.

"चला तांड्यावर," ती म्हणाली.

तांड्यावरच्या देवलाचा पंप गेल्याच वर्षीचा. देवला खाटेवर बसून ऐकत होता. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "पंपाच्या बॅटरीवर मासे धरनार? तातेराव, तुमची सून मला वेडा करनार." पण बॅटरी त्यानं काढून दिली. "माझं सोयाबीन वर आलं, फवारणी आली, की मला परत पाहिजे बरं का."

"फवारणीपर्यंतच पाहिजे," कोमल म्हणाली.

वाटेत तातेराव म्हणाले, "उसनं कशाला? आपलीच नवी घे ना. येवढं यंत्र घेतलं, त्याला बॅटरी जड झाली व्हय?"

"उसनीच बरी, मामा," असं म्हणून ती भराभर पुढं चालायला लागली. तातेरावांना तिचं हे बोलणं विचित्र वाटलं, पण सुनेच्या मागं धावणं त्यांना शोभणारं नव्हतं.

पुढचे दोन दिवस घराच्या ओसरीत नुसता तारांचा पसारा. तेलाच्या पाच लिटरच्या डबड्याचं तोंड कापून तिनं त्यात बॅटरी बसवली, खाली जुन्या चपलेचा रबर घातला म्हणजे हलू नये. तारेत मोटारसायकलचा फ्यूज टाकला. "उलटं जोडलं गेलं तर फ्यूज जळंल, यंत्र न्हाई," ती सासूला समजावत होती आणि नर्मदाबाई कीर्तनात बसल्यासारखी मान डोलावत होती. होडीला भोक पाडायला तातेरावांनी साफ नकार दिला, तेव्हा तिनं वाद घातला नाही. सेन्सर बांबूच्या टोकाला बसवला, म्हणजे बांबू होडीच्या मागं बांधायचा आणि टोक पाण्यात सोडायचं. काम झालं की बांबू वर. ही युक्ती बघून तातेरावांच्या तोंडून "हां" निघून गेलं. ते लगेच खोकले, पण तिनं ऐकलं होतं.

पंपाची मोटार बॅटरी ढसाढसा पिते, यंत्र चमच्यानं पितं, म्हणजे दोन दिवस सहज चालेल, असा तिचा हिशोब होता. संध्याकाळी सगळे विहिरीवर गेले. तिनं सेन्सर पाण्यात सोडला आणि यंत्रावर आकडा आला. मग तातेरावांनी आपली शिशाची दोरी सोडली, हातानं मोजली, दोनदा मोजली. दोन्ही बराबर आले. सोमेश्वरनं टाळी वाजवली. तातेराव म्हणाले, "दोरी बी बराबर सांगती म्हणजे," आणि दोरी गुंडाळून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं. घरात नवीन वस्तू आली आणि पूजा नाही, असं नर्मदाबाईच्या राज्यात घडत नाही. सोमेश्वरच्या टेम्पोच्या चारी चाकांखाली तिनं लिंबं ठेवली होती, पंपालाही हळदीकुंकू वाहिलं होतं. ती ताट घेऊन आली आणि म्हणाली, "कोमल, ह्याचं तोंड कुठलं गं?"

"ते काळं हाय ना आत्याबाई, त्याची खालची सपाट बाजू. त्याच्यानंच बगतं ते," असं म्हणून कोमल भाकरी बांधायला आत गेली.

आता विचार करा, देवाची पूजा करायची तर देवाच्या तोंडाचीच करणार ना? नर्मदाबाईनं शेंदूर तेलात कालवला आणि त्या सपाट तोंडावर बोटभर जाड लिंपला. त्यावर अक्षता चिकटवल्या. आणि मोठ्या भक्तीनं कापसाचं वस्त्र, पूजेत देवाला वाहतात ते, वळून त्यावर घट्ट दाबून बसवलं. मग धूळ लागू नये म्हणून फडकं गुंडाळलं. सोमेश्वरनं बांबू खांद्यावर टाकला, काठावर नेऊन होडीच्या मागं बांधला, आणि मोबाइलवर कळमनुरीच्या व्यापाऱ्याशी भाव करत करतच फडकं ओढून टोक पाण्यात ढकललं. बघितलं कुणीच नाही.

होडी निघाली. तातेराव मागं वल्ह्यावर, कोमल मधे, तिच्यापुढं यंत्र आणि तेलाचं डबडं, आणि पायाशी ते शेवटचं जाळं, नीट घड्या घालून. ऊन उतरायला लागलं होतं. खोल पाण्यात आल्यावर कोमलनं बटण दाबलं. पडदा उजळला आणि आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा लुकलुकायला लागल्या.

तिनं बंद केलं, चालू केलं. रेघाच. फ्यूज काढून बघितला, चांगला. तारा घासल्या. डबड्यात तोंड घालून जोडण्या तपासल्या. काल विहिरीत बोलणारं यंत्र आज मुकं झालं होतं. तिची मान खाली होती, पण कानामागून घाम ओघळताना तातेरावांना दिसत होता.

"माझंच चुकलं असंल कायतरी," ती डबड्यातच बोलली.

बांबूला शेवाळ अडकलं असेल म्हणून तातेरावांनी तो वर उचलला. आणि टोकाला बघतात तर काय, मारुतीच! शेंदरानं माखलेला, अक्षता लावलेला, वर भिजून फुगलेला कापूस. त्यांना क्षणात सगळं कळलं. ज्याच्या तोंडात कापूस कोंबलाय तो बोलणार कसा?

त्यांनी कोमलकडे बघितलं. तिची पाठ होती. त्यांनी हळूच बांबू परत पाण्यात सोडला.

हे त्यांनी काहून केलं, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सुंभ जळतो, पीळ राहतो. एवढंच कळत होतं की यंत्र आज बोललं नाही, तर उद्या ते भिंतीवर टांगलं जाईल आणि पाणी परत त्यांचं होईल. ते घसा खाकरून म्हणाले, "राहू दे गं. माझ्या खुणेवर टाकू."

त्यांना वाटलं, ती वाद घालेल. निदान तोंड पाडेल. पण कोमलनं यंत्र बंद केलं, पदरानं तोंड पुसलं आणि जाळ्याचं टोक उचलून उभी राहिली. "तुमी म्हनाल तिथं, मामा. सांगा, सोडते."

एवढंच. तिच्या आवाजात रागाचा कण नव्हता. तातेरावांनी सवयीनं मान वळवून काठाकडे बघितलं. डोंगरावर झेंडा होता. त्याच्याखाली लिंब नव्हता. नुसता नवा डांबरी रस्ता आणि त्याच्यावर उघडं आभाळ. झेंडा आता कशाच्याही डोक्यावर बसत होता आणि कशाच्याच बसत नव्हता. ते बघत राहिले, आणि ती जाळं धरून तशीच उभी राहिली. तिच्या हातात नेमकं तेच टोक होतं, शेवटच्या वाकड्या गाठींचं. एक शब्द बोलले असते तर तिनं ते पाण्यात सोडलं असतं, डोळे झाकून. आपल्यावर कुणी इतका भरवसा टाकावा आणि आपण खोटं बोलावं, याची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

"थांब," ते म्हणाले. त्यांनी बांबू वर घेतला आणि तिच्यापुढं धरला. "तुझ्या सासूनं यंत्राचा देव केलाय, बघ. मी मघाशीच बगितलं व्हतं. बोललो न्हाई."

कोमलनं त्या शेंदरी गोळ्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे, आणि ती जी हसायला लागली ती होडी हलेपर्यंत. "कापूस, मामा! कापसात हवा असती. हवेतनं आवाज खाली जातच न्हाई. मी रातभर बसले असते तरी मला कळलं नसतं." तातेरावांना वाटलं होतं, "मघाशीच" या शब्दावर ती अडेल. ती अडली नाही. तिनं कापसाचं वस्त्र हलक्या हातानं सोडवलं, फेकलं नाही. बांबूच्या वरच्या टोकाला, पाण्यापासून लांब, बांधलं. मग ओंजळीनं पाणी घेऊन शेंदूर धुतला, सेन्सरचं तोंड पदरानं पुसलं आणि बांबू परत पाण्यात सोडला.

"लिंब तुटला गं," तातेराव मधेच म्हणाले. इतके दिवस छातीत अडकलेलं एकदम बाहेर पडलं. "गाळ न्हाई सरकला. माझी खूण गेली."

"मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगंल? ज्या दिवशी लिंब तोडला, त्या दिवशी तुमी जेवला न्हाईत. म्हनलं, झाडासाठी कोण उपाशी राहतं? मग पहिलं जाळं फाटलं तवा कळलं."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी लपवून राहिले व्हते. मी कशी उघडं करू?" ती पडद्यावरचं पाणी पुसत म्हणाली. "म्हनून तर यंत्र घेतलं. माझ्यासाठी असतं तर बारक्या आकड्याचं बी चाललं असतं. हे तुमाला वाचायचं हाय. वल्हवत वल्हवत, मागनं."

तातेरावांनी वल्हं दोन्ही हातांनी धरलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. माझ्या घरात हे असलं माणूस नांदतंय आणि मी त्याला कानामागून आलेली म्हणतो, असं त्यांना वाटलं.

तिनं यंत्र त्यांच्याकडे वळवून ठेवलं आणि बटण दाबलं. या खेपेला फुटांचा आकडा आला. बावीस. त्यांनी वल्हं मारलं. बावीस, बावीस, बावीस, आणि एकदम एकोणीस.

"खुंट!" दोघं एकदम ओरडले.

मग त्यांना नादच लागला. होडी आडवी नेली, उभी नेली. खुंटांची एक ओळ सापडली, मग दुसरी, आणि मधे सपाट, एकसारखा बावीसचा आकडा. तोच तो पट्टा, त्यांचा स्वतःचा. हरवलेली गाय गोठ्यात सापडावी तसे ते हसले. जाळं सोडायला हात पुढं झाला, तेव्हा कोमल म्हणाली, "अजून न्हाई. आता माघारी वळून बगा. झेंड्याच्या खाली काय हाय?"

त्यांनी बघितलं. झेंड्याच्या बराबर खाली, रस्त्याच्या पलीकडं, तांड्याची पाण्याची पांढरी टाकी होती. तिचा डावा कोपरा नेमका झेंड्याच्या काठीखाली.

"टाकी," ते म्हणाले. "टाकीचा डावा कोना."

"मग ती तुमची नवी खूण. बॅटरी फवारणीला जानार, मामा. यंत्र उद्या बंद बी पडंल, पावसात भिजंल. तवर साऱ्या पाण्याच्या खुणा नव्यानं बसवून घ्या. आन ह्या वेळी मला बी सांगा."

आता कुठं तातेरावांना उसन्या बॅटरीचा अर्थ लागला. घरची असती तर आपण आकड्यावरच विसंबून बसलो असतो, हे त्या पोरीनं तांड्यावरून येतानाच ओळखलं होतं. त्यांनी खूण दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवली, तिच्याकडून म्हणवून घेतली, आणि मग जाळं सोडलं.

पहाटे उजाडता उजाडता ते दोघं जाळं ओढायला गेले. तातेराव एकेक हात वर घेत होते आणि श्वास रोखून धरत होते. कटला आले, रोहू आले, त्यांच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते गाठी बघत होते. शेवटचं टोक वर आलं. वाकड्या गाठींची ओळ जशीच्या तशी होती. एक धागासुद्धा तुटला नव्हता.

काठावर नर्मदाबाई आणि सोमेश्वर उभे होते. होडी लागायच्या आधीच तिनं विचारलं, "फाटलं तर न्हाई ना?"

"न्हाई."

"माझी पूजा पावली मग."

"पावली तर!" तातेराव म्हणाले. "फकस्त ह्याच्यापुढं बांबूच्या वरच्या टोकाची करायची. तुझ्या देवानं पाण्याखाली बगायचं, आन तू त्याच्या डोळ्यावर कापूस ठेवती."

नर्मदाबाईनं बांबूच्या टोकाला बांधलेलं वस्त्र बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावला. सोमेश्वर मासळी टेम्पोत भरायला लागला. तो निघणार तेवढ्यात तातेरावांनी त्याला हाक मारली.

"कळमनुरीहून येताना जाळ्याचा दोरा आण. चांगला बघून आण. नवं जाळं विणायचंय."

नर्मदाबाई चमकली. "अवं, बोटं चालत न्हाईत म्हनला व्हता ना? हे शेवटचं म्हनला व्हता?"

"माझी न्हाईत चालत," तातेराव म्हणाले. त्यांनी होडीत वाकलेल्या कोमलकडे बोट केलं. ती डबड्यातून देवलाची बॅटरी काढून चार्जिंगला न्यायच्या घाईत होती. "तिची चालतात. गाठ मी सांगतो."